मोटारमेळाव्याची परिभाषा : आगाशीच्या संदर्भात एक परीक्षण

१

मोटारींची हौस असणाऱ्या माणसांनी ठरल्या दिवशी एकत्र जमावे, आपापल्या गाड्या मांडाव्यात, दुसऱ्यांच्या पाहाव्यात आणि संध्याकाळी घरी परतावे, ही रूढी आता मुंबई-पुण्यासारख्या शहरांपुरती राहिलेली नाही. उपनगरांत आणि तालुक्याच्या गावीही असे मेळावे भरविण्याची इच्छा लोक बोलून दाखवितात, आणि अलीकडे त्या इच्छेला ‘सर्वांसाठी खुला’ असे एक विशेषणही जोडले जाते. हे विशेषण जोडणे सोपे आहे. त्याचा अर्थ निश्चित करणे मात्र तितके सोपे नाही. ‘सर्व’ म्हणजे कोण? गाडीचे मालक सर्व, की गाडी चालविणारे सर्व, की गाडी दुरुस्त करणारे सर्व, की जिच्याजवळ गाडी नाही पण जिला गाडी पाहावयाची आहे ती शाळकरी मुलगीही त्या ‘सर्वां’त येते?

वरवर पाहता हा व्यवस्थापनाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो परिभाषेचा प्रश्न आहे. कोणताही मेळावा प्रथम शब्दांत भरतो आणि मग मैदानात. निमंत्रणपत्रिकेत कोणते नाम वापरले आहे, गाडीपुढील पाटीवर कोणाचे नाव लिहिले आहे, सूचना कोणत्या बोलीत व कोणत्या क्रियारूपात दिली आहे, यांवरून आत कोण येणार आणि दोरीपलीकडे कोण उभे राहणार हे आधीच ठरून गेलेले असते. म्हणून मोटारमेळावा या संस्थेच्या रूढ परिभाषेचे परीक्षण करणे, आणि वसई तालुक्यातील आगाशीसारख्या बहुभाषी गावी असा मेळावा भरवावयाचा झाल्यास ती परिभाषा कोठे अपुरी पडते हे दाखविणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

आरंभ ‘गाडी’ या शब्दापासूनच केला पाहिजे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्या वेळी मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू होऊन चारच वर्षे झाली होती आणि मोटार जन्मास यावयाची होती. गाडी म्हणजे बैलाने वा घोड्याने ओढावयाचे वाहन, हाच तेव्हाचा स्थिर अर्थ. त्यानंतरच्या काळात मराठीने या एका शब्दात किती वाहने बसविली ते पाहण्यासारखे आहे : आगगाडी, घोडागाडी, बैलगाडी, हातगाडी, ढकलगाडी, बाबागाडी, मालगाडी आणि अखेरीस विशेषणाशिवायची नुसती गाडी. एकविसाव्या शतकात ‘त्याने गाडी घेतली’ या वाक्याचा अर्थ एका घरात मोटार असा होतो, तर शेजारच्या घरात मोटारसायकल असा. लोकल पकडणाऱ्या विरारकराच्या तोंडी ‘गाडी चुकली’ याचा अर्थ तिसराच असतो. ‘गाडी लागणे’ हा प्रयोग तर फलाटावर गाडी येऊन उभी राहणे आणि प्रवासात मळमळणे, असे दोन अगदी वेगळे अर्थ सहज वागवितो.

अर्थाचा हा ऐसपैसपणा दोष नव्हे. ‘कार’ हा शब्द एका विशिष्ट चारचाकी वाहनापुरता बंदिस्त आहे. ‘गाडी’ हा शब्द तसा नाही. ‘कार-मीट’ अशी पाटी लावली की रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर आणि बैलगाडी शब्दार्थानेच बाहेर राहतात. ‘गाड्यांचा मेळावा’ म्हटले की त्यांना बाहेर ठेवण्यासाठी वेगळा नियम करावा लागतो, आणि तो नियम करताना निदान त्याचे कारण सांगण्याची जबाबदारी येते. शब्दनिवडीचा परिणाम हा असा व्यवहारापर्यंत पोहोचतो.

वाहनवाचक शब्दांच्या लिंगव्यवस्थेकडेही थोडे लक्ष दिले पाहिजे. इंग्रजीतून आलेल्या या शब्दांना मूळ भाषेत व्याकरणिक लिंग नव्हते; ते मराठीने दिले. मोटार, कार, बस, जीप, टॅक्सी, स्कूटर, एस. टी. ही सर्व स्त्रीलिंगी. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर ही पुल्लिंगी. पहिल्या गटावर ‘गाडी’ या शब्दाच्या लिंगाची छाया पडली असावी आणि ओझे वाहणाऱ्या अवजड वाहनांना ‘गाडा’, ‘खटारा’ यांच्या पंक्तीत बसविले गेले असावे, असे अनुमान करता येते. हौशी मंडळींच्या बोलण्यात गाडीविषयी जो ‘ती’चा जिव्हाळा दिसतो तो म्हणूनच इंग्रजीतील ‘शी’प्रमाणे अलंकारिक नाही, तो व्याकरणाने दिलेला आहे. ज्या भाषेत गाडी निसर्गतः ‘ती’ आहे, त्या भाषेतील मेळाव्यात गाडीचा मालक मात्र गृहीतपणे ‘तो’ असावा, ही गोष्ट व्याकरणाने सांगितलेली नाही. ती समाजाने सांगितलेली आहे, आणि म्हणून ती बदलता येते.

३

गाडीवर प्रेम करणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणावे? रूढ शब्द पुष्कळ आहेत, आणि त्यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या माणसाला आत घेतो. ‘शौकीन’ हा अरबी ‘शौक’वरून हिंदीच्या वाटेने आलेला शब्द; त्याला पैशाचा वास आहे. शौक करणारा तो, ज्याला खर्च परवडतो. ‘हौशी’ हा शब्दही मुळात अरबी. पण मराठीत तो घरोघर रुळला, आणि ‘धंदेवाईक नव्हे तो’ असा एक अर्थ त्याला नाटक व क्रिकेट यांच्या संगतीने प्राप्त झाला. ‘दर्दी’ ऐकणाऱ्याला म्हणतात, क्वचित पाहणाऱ्याला. मालकीचा त्यात लवलेश नाही. ‘छंद’ संस्कृत व सोज्ज्वळ, तर ‘नाद’ही संस्कृतच, पण घरच्यांनी नाक मुरडावे असा. ‘गाड्यांचा नाद लागला आणि शाळा सुटली’ हे वाक्य पुष्कळ मेकॅनिकांच्या आयुष्याचे पहिले वाक्य असते.

आता या शब्दांतून निवड करताना रूढ मोटारमेळाव्याने काय केले? त्याने ‘शौकीन’ व ‘हौशी’ स्वीकारले आणि ‘नाद’ नाकारला. ‘हौशी’ या शब्दाच्या ‘धंदेवाईक नव्हे तो’ या छटेमुळे जो गाडीवर पोट भरतो तो आपोआप वगळला गेला. टॅक्सीचालक तीस वर्षे एकाच जातीची गाडी चालवितो, तिच्या प्रत्येक आवाजाचा अर्थ जाणतो, रविवारी ती स्वतःच्या हाताने धुतो. तरीही त्याला हौशी म्हणत नाहीत, कारण तो पैसे घेतो. मालक वर्षातून दोनदा गाडी बाहेर काढतो. तो हौशी ठरतो. प्रेमाचे मोजमाप येथे प्रेमाने होत नसून उत्पन्नाच्या मार्गाने होते. सर्वांना सामावून घेणारा मेळावा भरविण्याच्या मार्गातील पहिला अडथळा हा आहे, आणि तो जागेचा वा पैशाचा नसून अर्थाचा आहे.

४

या संस्थेचा पूर्वेतिहास पाहिला तर एक विसंगती ध्यानात येते. मोटारींची पहिली प्रसिद्ध सामूहिक फेरी लंडनहून ब्रायटनपर्यंत १४ नोव्हेंबर १८९६ रोजी निघाली. यंत्रवाहनापुढे माणूस चालला पाहिजे अशी सक्ती इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने केलेली होती. १८९६ च्या कायद्याने ती हलक्या मोटारींपुरती उठविली आणि वेगाची मर्यादा वाढविली, त्याचा आनंद म्हणून ही फेरी काढण्यात आली होती. तिचे नावही ‘मुक्तिफेरी’ या अर्थाचे होते. पुढे १९२७ पासून तिची स्मृतियात्रा निघू लागली, आणि १९०५ पूर्वी बांधलेल्या गाड्यांनाच तीत प्रवेश ठेवण्यात आला. मुक्तीच्या उत्सवाचे रूपांतर प्रवेशाच्या अटीत झाले ते असे. अट ऐतिहासिक दृष्ट्या समर्थनीय आहे. पण संस्थेची भाषा अधिकाराकडून पात्रतेकडे सरकली, हे नोंदविले पाहिजे.

भारतात ‘स्टेट्समन’ या वृत्तपत्राने दिल्लीत १९६४ साली जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. मुंबईत अशा फेऱ्या व प्रदर्शने भरत आली असून हॉर्निमन सर्कलचा परिसर त्यांच्याशी निगडित झालेला आहे. मोटारधारकांची संघटना तर पश्चिम भारतात १९१९ पासून आहे. या सर्व परंपरेचा साचा साधारणतः एकच : गाडी, तिच्यापुढे पाटी, पाटीवर कंपनी, वर्ष आणि मालक, परीक्षकांचे मंडळ, आणि दोरीपलीकडे प्रेक्षक. गाडी ज्याने चालती ठेवली त्याचे नाव पाटीवर येण्याची पद्धत या साच्यात नाही.

शासनाची परिभाषाही याच वळणाने गेली आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी जे नियम प्रसिद्ध केले त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘विंटेज’ ही संज्ञा लागू होते. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असते आणि नोंदणी दहा वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, फेरी, इंधन व दुरुस्ती यांखेरीज नित्य वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशीही अट आहे.

नियमांची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु या व्याख्येचे परीक्षण केले असता तिच्या दोन मर्यादा दिसतात. एक म्हणजे तीनचाकी रिक्षा, टेम्पो, बस आणि ट्रक हे तिच्या कक्षेतच येत नाहीत. सामान्य मराठी माणूस ज्या गाडीत प्रत्यक्ष बसला ती गाडी वारसा ठरत नाही, आणि ज्या गाडीकडे त्याने दुरून पाहिले ती ठरते. दुसरी मर्यादा याहून सूक्ष्म आहे. मूळ भाग मिळेनासे झाल्यावर दुसऱ्या गाडीचे इंजीन बसवून, पत्रा ठोकून, जी गाडी एखाद्या मिस्त्रीने चालू ठेवली ती या व्याख्येने अशुद्ध ठरण्याचा संभव असतो. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा वाद परिचित आहे. मूळ संहिता तेवढी प्रमाण मानावयाची, की लेखकालेखकांच्या हातून ती जगत आली तो प्रवासही संहितेचाच भाग मानावयाचा? नोंदणी-अधिकाऱ्याला पहिली भूमिका घेणे भाग आहे. मेळाव्याला ती घेण्याचे बंधन नाही.

‘विंटेज’ या शब्दाचा प्रवासही उद्‌बोधक आहे. मुळात द्राक्षांच्या हंगामाशी व त्या वर्षीच्या मद्याशी संबंधित असलेला हा शब्द इंग्लंडात १९१९ ते १९३० या काळातील मोटारींना लावला गेला, आणि आपल्याकडे तो पन्नास वर्षांच्या हिशेबात बसविला गेला. मराठीत यासाठी शब्द नाही असे म्हणणे घाईचे होईल. जुन्या गोष्टीविषयीचा आदर व अनादर मराठी वेगवेगळ्या शब्दांनी दाखविते : ‘जुनी’ हा तटस्थ, ‘जुनाट’ हा हिणविणारा, ‘मुरलेली’ हा लोणच्यापासून गवयापर्यंत कौतुकाचा. ‘खटारा’ हा शब्द एके काळी साध्या मालवाहू गाडीचे नाव होता; पुढे मोटारीला तो शिवीसारखा चिकटला. मालकाच्या दृष्टीने जी ‘विंटेज’, तीच शेजाऱ्याच्या दृष्टीने ‘खटारा’ असू शकते, आणि दोघांमधील अंतर पुष्कळदा रंगाच्या एका हाताएवढेच असते.

५

मग मराठी समाजाजवळ वाहनांच्या मेळाव्याचा दुसरा काही नमुना आहे काय? आहे. बैलगाड्यांच्या शर्यती, विदर्भातील शंकरपट हे त्याचे एक रूप. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींना मनाई केली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. या वादातील प्राण्यांच्या छळाचा मुद्दा गंभीर आहे आणि तो येथे बाजूस सारावयाचा नाही. प्रस्तुत विवेचनापुरते एवढेच पाहावयाचे की, त्या संस्थेची परिभाषा — घाट, बारी, गाडामालक — संपूर्ण मराठी आहे आणि ‘बारी’ या शब्दात पाळीचे तत्त्व आहे. ज्याचा क्रम आला तो उतरला. उभ्या गाडीची दुरून तपासणी हे जिचे मुख्य अंग असते, त्या प्रदर्शनापेक्षा ही कल्पना मुळातच वेगळी आहे.

आगाशीच्या दृष्टीने याहूनही जवळचा नमुना निर्मळच्या जत्रेचा आहे. कार्तिक वद्य एकादशीपासून भरणाऱ्या या जत्रेला वसई तालुक्यातील हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही समाजांतील माणसे जातात. कोणी दर्शनाला जातो, कोणी सुकी मासळी घ्यावयास, कोणी पाळण्यात बसावयास, आणि कोणी केवळ माणसे भेटतात म्हणून. जत्रेत प्रेक्षक आणि सहभागी असा भेद करता येत नाही. जत्रेला निमंत्रण नसते. तिला तिथी असते. ‘मेळावा’ या शब्दाला एक निमंत्रक लागतो, ‘संमेलना’ला अध्यक्ष लागतो, ‘रॅली’ला झेंडा लागतो, जत्रेला फक्त दिवस आणि जागा पुरते. सर्वसमावेशकता हा आज नवा वाटणारा विचार ज्या रूपाने या भूमीत पूर्वीच नांदत होता ते रूप हे होय.

तथापि जत्रेचे आंधळे अनुकरण करावे असे सुचवावयाचे नाही. जत्रेच्या गर्दीत चाकाच्या खुर्चीला वाट मिळत नाही, आणि बहिऱ्या माणसाला कर्ण्यावरची सूचना पोहोचत नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा ज्या सुगम्यतेची अपेक्षा करतो ती परंपरेत आपोआप मिळत नाही. ती योजावी लागते. या बाबतीत कायद्याच्या परिभाषेने टाकलेले एक पाऊल लक्षात घेण्याजोगे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दिव्यांगांच्या वाहनाला ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ म्हटलेले होते. तेथे विशेषण माणसाच्या दुर्बलतेचे होते. २०१९ च्या दुरुस्तीने ती संज्ञा काढून ‘अ‍ॅडॅप्टेड व्हेईकल’, म्हणजे जुळवून घेतलेले वाहन, ही संज्ञा आणली. विशेषण माणसावरून उठून यंत्रावर गेले. हाताने ब्रेक लावता येईल अशी जोडणी केलेली गाडी मेळाव्यात ‘दिव्यांग विभाग’ अशा वेगळ्या कोपऱ्यात न ठेवता कारागिरीचा नमुना म्हणून रांगेत उभी केली, तर मेळावा या नव्या संज्ञेचा अर्थ समजला आहे असे म्हणता येईल.

६

मराठी ललित साहित्यात वाहनाभोवती जमलेल्या माणसांचे सर्वांत लोकप्रिय चित्र पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’ या कथेत आहे. कोकणच्या रस्त्यावर एस. टी.पुढे म्हैस येते, गाडी थांबते, आणि उतारूंचा जो जमाव बनतो त्यात व्यापारी, मास्तर, पुढारी, हवालदार, चालक, वाहक आणि म्हशीचा मालक असे सर्व स्तर एकत्र येतात. कथेचा विनोद प्रसंगापेक्षा बोलींत आहे. प्रत्येकाची भाषा निराळी आणि प्रत्येकाला आपल्या भाषेत बोलण्याचा अधिकार. कोणीही प्रमाण मराठीत बोलण्याची वाट पाहत नाही. या कथेकडे समावेशक जमावाचे भाषिक चित्र म्हणून पाहिले तर एक गोष्ट उमगते : थांबलेली गाडी माणसांना बोलती करते. धावत्या गाडीत उतारू शेजारी बसूनही अनोळखी राहतात. बंद पडलेल्या गाडीभोवती मात्र प्रत्येकाजवळ एक मत असते. मोटारमेळावा ही थांबलेल्या गाड्यांची सभा आहे. तिचे खरे यश किती गाड्या आल्या यापेक्षा त्यांच्याभोवती किती प्रकारची बोलणी झाली यावर ठरावे.

आणि ही बोलणी भाषाभ्यासाच्या दृष्टीने मौल्यवान आहेत. गॅरेजची मराठी अजून कोशात पुरतेपणी आलेली नाही. इंजीन ‘उतरते’, ‘बांधले जाते’ आणि ‘बसते’. यांतले ‘बसणे’ म्हणजे निकामी होणे. गाडी ‘बोअरला येते’, ‘मिसिंग करते’, ‘पिकअप घेत नाही’. पंक्चर मराठीत ‘काढतात’, जणू तो पायातील काटा आहे. स्प्रिंगला ‘पाटे’ म्हणतात. मागच्या सामानाच्या जागेला ‘डिकी’ म्हणतात, तर ‘क्लीनर’चा ‘किन्नर’ होतो. नामे इंग्रजी आणि क्रियापदे अस्सल मराठी, असा हा संसार आहे. त्याच गॅरेजात ‘मिस्त्री’ हातात ‘चावी’ घेऊन महिन्याच्या ‘पगारा’विषयी बोलतो तेव्हा तो एका वाक्यात तीन पोर्तुगीज शब्द वापरीत असतो. १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या वसईच्या परिसरात हे शब्द ऐकताना अभ्यासकाने क्षणभर थांबावे, इतके त्यांचे तेथील वय मोठे आहे.

ही भाषा वेगाने विरळ होत आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सर्वांच्या ओळखीची बनली. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला झाली. टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांची असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिची सद्दी संपली. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक मानक लागू झाल्यावर कार्बोरेटर नव्या दुचाकींतूनही जवळजवळ गेला. विजेच्या मोटारीला क्लच नाही आणि गिअर ‘टाकावा’ लागत नाही. शब्दांचे वस्तूंवाचून चालत नाही असे नव्हे. ‘गाडी हाकणे’ हा प्रयोग बैल गेल्यावरही जुन्या पिढीच्या तोंडी टिकला. पण तो टिकला याचे कारण बोलणारी माणसे टिकली. कार्बोरेटर कानाने जुळविणारा मिस्त्री ज्या दिवशी दुकान बंद करील त्या दिवशी त्याच्यासमवेत आवाजांचे वर्णन करणारी एक संपूर्ण शब्दावली जाईल, आणि ती कोणत्याही नोंदणी-पुस्तकात सापडणार नाही.

७

आता आगाशीकडे वळता येईल. विरारच्या पश्चिमेस, अर्नाळ्याच्या वाटेवर वसलेले हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. सोळाव्या शतकात ते लाकडाचा व्यापार आणि जहाजबांधणी यांसाठी नावाजलेले होते. अलीकडे त्याचे नाव केळ्यांच्या सुकेळीशी जोडले जाते. भवानीशंकराचे मंदिर, मुनिसुव्रत स्वामींचे जैन तीर्थ, जवळच नंदाखालचे चर्च, अर्नाळ्याचा कोळीवाडा आणि तेथीलच राज्य परिवहनाचे आगार, एवढी नावे घेतली तरी या परिसराच्या भाषिक रचनेची कल्पना येते. वाडवळी, कोळी, गुजराती आणि प्रमाण मराठी येथे शेजारी नांदतात. लगतच्या निर्मळ-नाळे-उमराळे पट्ट्यात सामवेदी ब्राह्मण व सामवेदी ख्रिस्ती ही दोन भिन्न धर्मांची माणसे एकच सामवेदी, म्हणजेच कादोडी, बोली बोलतात. विरारच्या नव्या वसाहतींतून हिंदी येते. अशा ठिकाणी निमंत्रणाची एकच भाषा ठरविणे म्हणजे निमंत्रितांची यादी ठरविणे होय.

येथे भाषाशास्त्राला तीन व्यवहार्य गोष्टी सांगता येतात. पहिली सूचनांविषयी. ‘मालक आपली गाडी घेऊन येतील’ या कर्तरी वाक्यात कर्ता येतो, आणि ‘मालक’ हे पुल्लिंगी नाम एक चित्र उभे करते. ‘ज्यांना गाडी आणावयाची आहे त्यांनी ती उत्तरेच्या बाजूस लावावी’ या रचनेत ‘ज्यांना’, ‘त्यांनी’ ही रूपे स्त्री-पुरुष भेद करीत नाहीत, क्रियापद ‘गाडी’शी जुळते, आणि आणणारा मालक आहे की चालक हेही वाक्य विचारीत नाही. मराठीच्या कर्मणि विध्यर्थात ही सोय शतकानुशतके आहे. तिच्यासाठी नवे व्याकरण घडवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट पाटीविषयी. कंपनी, वर्ष आणि मालक या तीन रकान्यांना आणखी दोन जोडावेत : ‘कोणी चालविली’ आणि ‘कोणी चालू ठेवली’. संबंधितांची संमती असेल तर तेथे नावे येतील, नसेल तर कामाचे वर्णन येईल. पाटी वाचणाऱ्याच्या दृष्टीने गाडीची वंशावळ त्यामुळे पूर्ण होते. आगाशीच्या जहाजांविषयी इतिहासाने व्यापार लिहिला, लढाया लिहिल्या. ज्या सुतारांनी ती बांधली त्यांची नावे आज उरलेली नाहीत. मोटारीच्या बाबतीत तीच चूक पुन्हा करण्याचे कारण नाही, कारण तिचे कारागीर अजून हयात आहेत.

तिसरी गोष्ट बोलण्याच्या क्रमाविषयी. मंचावरून प्रमाण भाषेत एकाने बोलावे आणि इतरांनी ऐकावे याऐवजी ‘बारी’चे तत्त्व स्वीकारावे. प्रत्येक गाडीजवळ तिच्या माणसाने, आपल्या बोलीत, ठराविक वेळ बोलावे. कादोडीत बोलणाऱ्या बाईने आपल्या टेम्पोतून फुले व भाजी बाजारात कशी पोहोचविली जाते ते सांगितले तर ती हकीकत एखाद्या परदेशी मोटारीच्या वंशावळीपेक्षा कमी मोलाची ठरणार नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी तीच माहिती लिखित स्वरूपात, आणि न दिसणाऱ्यांसाठी परवानगीने गाडीला हात लावून पाहण्याची सोय, एवढे केले तरी दोरीचे महत्त्व पुष्कळ कमी होईल.

आणखी एक वर्ग राहतो, आणि समावेशकतेच्या चर्चेत तो सहसा विसरला जातो : ज्यांना गाड्यांची मुळीच हौस नाही त्यांचा. अरुंद रस्त्यावर ज्यांची घरे आहेत, ज्यांचे आजारी माणूस आत निजले आहे, ज्यांची मुले परीक्षेला बसली आहेत, त्यांनाही गाव सामावून घेते. इंजिनाचा आवाज हा हौशी माणसाला संगीत आणि शेजाऱ्याला उपद्रव असतो; दोघांचेही कान खरे आहेत. मैदानात आल्यावर इंजीन बंद करावे, रस्त्यावर कसरती करू नयेत, आणि वेळ देवळाच्या, चर्चच्या व बाजाराच्या वेळांशी जुळवून ठरवावी, हे नियम शिष्टाचाराचे वाटले तरी ते समावेशाचेच नियम आहेत.

८

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो, आणि तो निर्बल नाही. सर्वांना प्रवेश दिला तर कसोटी कोठे राहिली? ज्याने दहा वर्षे खपून गाडीचा मूळ रंग, मूळ दिवे, मूळ कातडे मिळविले त्याच्या शेजारी कोणाचीही कशीही गाडी उभी केली तर अभिरुचीचा अपमान होत नाही काय? साहित्याच्या क्षेत्रात हाच आक्षेप ग्रामीण आणि दलित साहित्याच्या संदर्भात घेतला गेला होता. त्याचे उत्तर तेथे जे मिळाले तेच येथेही लागू आहे. प्रवेशाची अट आणि परीक्षणाची कसोटी या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रवेश सर्वांना देऊन परीक्षण कठोर ठेवता येते. किंबहुना परीक्षण खरे कठोर तेव्हाच होते, जेव्हा कसोट्या एकाहून अधिक असतात. मूळ स्वरूप राखण्याची एक कसोटी, अपुऱ्या साधनांत गाडी चालू ठेवण्याची दुसरी, गरजेप्रमाणे यंत्र बदलून घेण्याची तिसरी. पहिल्या कसोटीला उतरलेली गाडी दुसऱ्या कसोटीला नापास होऊ शकते. मालकाला ते कदाचित रुचणार नाही. परंतु परीक्षणाचे काम रुचविण्याचे नसून पारखण्याचे आहे.

दुसरा आक्षेप मराठी विभागाकडूनच येण्याचा संभव आहे : हा विषय विद्यापीठीय संशोधनाचा आहे काय? भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली आणि तेव्हापासून शासनव्यवहाराच्या परिभाषेवर पुष्कळ काम झाले. वाहनांच्या नोंदणीच्या संगणकीय प्रणालीला ‘वाहन’ आणि चालक-परवान्याच्या प्रणालीला ‘सारथी’ ही संस्कृत नावे मिळाली. वरून खाली येणाऱ्या परिभाषेचा हा इतिहास आपण शिकवितो. खालून वर येणाऱ्या परिभाषेचा, म्हणजे गॅरेज, आगार व टॅक्सीतळ यांच्या भाषेचा इतिहास शिकवावयाचा तर त्याची साधने आधी गोळा करावी लागतील. मेळावा हे असे साधन गोळा करण्याचे ठिकाण आहे. कारण तेथे बोलणारा, वस्तू आणि ऐकणारा हे तिघेही एकाच वेळी उपस्थित असतात. क्षेत्रकार्यात अशी संधी क्वचित मिळते.

वसई-विरार परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला यासाठी फार दूर जावे लागणार नाही. अर्नाळा आगारातील निवृत्त यांत्रिक, विरारच्या रस्त्यावरील पंक्चर काढणारा, वाडीतून टेम्पो चालविणारी स्त्री, यांच्याकडून प्रत्येकी शंभर शब्द व त्यांचे प्रयोग वाक्यासह टिपून घेतले, आणि ज्याने शब्द सांगितला त्याच्या संमतीने त्याचे नाव शब्दापुढे लिहिले, तर कोशाच्या दृष्टीने एक उपयुक्त टिपण तयार होईल. मेळावा भरेल तेव्हा भरेल. शब्दांची नोंद मात्र त्याची वाट पाहू शकत नाही, कारण ज्यांच्या तोंडी ते आहेत त्यांची वये झाली आहेत.